दुधाची परीक्षा

बाईंसमोर कोणतंही विधान करायची सोय नव्हती. "आज उकाडा फार आहे," असं नुसतं म्हटलं तरी त्या चष्म्याच्या वरच्या कडेवरून बघत विचारायच्या, "कशावरून?" मग आपण घाम आला, ब्लाउज भिजला, असं काहीतरी पुरावा म्हणून पुढे करायचं आणि त्यांनी सांगायचं की काल या वेळेला तू झोपली होतीस, आज पोळ्या लाटत होतीस, तेव्हा घाम हवेचा की शेगडीचा ते आधी ठरव. लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आले तेव्हा पहिले काही महिने मी त्यांच्याशी बोलायचंच टाळत असे. पुढे कळलं की हा प्रश्न त्या रिक्षावाल्याला, डॉक्टरांना आणि देवाची कृपा म्हणणाऱ्या पुजाऱ्यालाही विचारतात. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे.

दांडिया बाजारात त्यांच्या घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. माझे यजमान रिफायनरीत होते. बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बाहेरच्या बाजूने एक लोखंडी जिना होता, त्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की माझी मुलगी रेवा पसरलेली खेळणी पायाने पलंगाखाली सारायची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर मुलांचं मानसशास्त्र शिकवलं होतं आणि शहरातले निम्मे मास्तर-मास्तरणी त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांच्याबरोबर भाजीला जायचं म्हणजे शिक्षा होती. टक्कल पडलेले मुख्याध्यापक स्कूटर थांबवून खाली उतरायचे, वाकून नमस्कार करायचे, आणि बाई त्यांना नावानिशी हाक मारून सांगायच्या, "तू उष्णतेच्या वहनावर पाठ घेतला होतास. पाठ बरा झाला, पण फळा पुसायला विसरला होतास."

त्या काहीच लिहून ठेवत नसत. वाण्याची यादी, टेलिफोन नंबर, कुणाचं लग्न कोणत्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, सगळं डोक्यात. लिहिलं की डोकं सुटीवर जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. कॉलेजातसुद्धा त्या हातात कागद न घेता शिकवायच्या म्हणे. या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत. बाकी राहणी अगदी साधी. सुती पातळ, मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी येईल असं बांधलेलं घड्याळ, आणि रविवारी सकाळी दुकानापुढे उभ्या राहून खाल्लेली झणझणीत शेव-उसळ. एवढ्या मोठ्या बाई रस्त्यात उभ्या राहून खातात म्हणून काही घरांत नाकं मुरडली जायची. बाईंना ते माहीत होतं. त्या वरून आणखी तर्री मागून घ्यायच्या.

त्यांच्या घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाची दुधाची परीक्षा व्हायची. शेगडी अगदी बारीक करून तिच्यावर दुधाची तपेली ठेवायची. मी पातेलं म्हणत असे, पण बाईंच्या मराठीत तपेलीच होती. मुलाला समोर उभं करायचं आणि सांगायचं, "दूध वर आलं की गॅस बंद करायचा. त्याआधी हात लावायचा नाही." मग त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसायच्या. बारीक आचेवर दूध तापायला किती वेळ लागतो हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मुलं आधी टक लावून बघायची, मग एका पायावर उभी राहायची, मग खिडकीतून डोकवायची, आणि नेमकं तेव्हाच दूध उतू जायचं. बाई रागवायच्या नाहीत. फडकं घेऊन स्वतः शेगडी पुसायच्या आणि म्हणायच्या, "अजून वेळ आहे तुला." जे मूल शेवटपर्यंत उभं राही त्याला वाटीत साखर घातलेली मलई मिळे.

एकदा मी त्यांना विचारलं की यातून नेमकं काय कळतं. त्या म्हणाल्या, "तान्हं मूल दुधासाठी क्षणभर थांबत नाही, आकांत करतं. मोठं माणूस तेच दूध तापेपर्यंत उभं राहतं. मधली सगळी वर्षं थांबायला शिकण्यात जातात. मूल वाढतं म्हणजे दुसरं काय होतं?" मला ते तेव्हा जरा अतीच वाटलं होतं. रेवा पहिलीत असताना या परीक्षेत पास झाली होती आणि मलईची मिशी घेऊन जिना उतरून आली होती, एवढंच मला कौतुक होतं.

रेवा चौथीत गेली त्या उन्हाळ्यात आमच्या घरी व्हिडिओ गेम आला. तेव्हा बाजारात एकाएकी सगळंच मिळायला लागलं होतं. टीव्हीवर वाहिन्याच वाहिन्या, दुकानांत परदेशी चॉकलेटं, आणि मंगळबाजारात टीव्हीला जोडायचे हे खेळ. यजमानांनी हौसेने आणला. त्याच्या कॅसेटवर शेकड्यांनी खेळ असल्याचं छापलं होतं, प्रत्यक्षात तेच चार-पाच फिरून फिरून यायचे. पण मुलांना त्याचं काही नव्हतं. समोरच्या घरातली हेतल सकाळी दूध पिऊन यायची ती जेवायला हाक मारली की जायची. दोघी पडद्याला नाक लावून बसायच्या. ताटात काय वाढलं हे रेवाला कळत नसे. मी काहीही विचारलं तरी "हं" म्हणायची. एकदा मी विचारलं, "रेवा, तुझं नाव काय?" तरी ती "हं"च म्हणाली. यजमान हसले, मला मात्र हसू आलं नाही.

गल्लीत घरोघरी हीच रड होती. कुणी म्हणे डोळे जातात, कुणी म्हणे डोकं मंद होतं, आणि नंदेसरीला केमिकल कंपनीत असलेल्या एका शेजाऱ्यांनी तर फिट्स येतात असं ऐकलं होतं. बाईंपुढे हे बोलणं निघालं की त्या सगळ्यांना तोच प्रश्न विचारायच्या. शेवटी आमच्या मंडळाचे चिटणीस वर जाऊन बाईंना भेटले. गणेशोत्सवात या विषयावर व्याख्यान द्या, पालकांचे आणि पोरांचे कान उपटा, अशी विनंती त्यांनी केली. बाईंनी सांगितलं की मी हा प्रकार अजून पाहिलेलाच नाही, पाहीन आणि मग बोलेन.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी आमच्याकडे येऊन बसू लागल्या. मे महिन्याचं ऊन, पंख्याची घरघर, जमिनीवर दोन मुली, आणि त्यांच्यामागे खुर्चीत ताठ बसलेल्या बाई. मुलींनी आधी अंग चोरलं, मग विसरून गेल्या. त्यांचा आवडता खेळ रणगाड्यांचा होता. पडद्याच्या खालच्या बाजूला विटांचा एक छोटा किल्ला, आणि दोघींच्या दोन रणगाड्यांनी मिळून तो राखायचा. वरून शत्रूचे रणगाडे येत राहायचे. बाईंनी पहिले काही दिवस नुसतं पाहिलं. मग एकदा विचारलं, "दोघींनी मिळून किल्ला राखायचा ना? मग एकीने पुढे जायला हवं आणि एकीने मागे थांबायला हवं. तुमच्यात थांबतं कोण?"

 दोघीही पुढे धावायच्या, मागे किल्ला पडायचा, आणि मग तुझ्यामुळे हरलो म्हणून भांडण. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यांनी रेवाला वर बोलावून दुधापुढे उभं केलं. दूध उतू गेलं. रेवा खिडकीतून हेतलला उद्या कोणता खेळ खेळायचा ते ओरडून विचारत होती.

बाई खाली येऊन म्हणाल्या की पहिलीत थांबू शकणारी मुलगी आता थांबत नाही, म्हणजे गेमने थांबण्याची शक्ती खाल्ली असं दिसतंय. यजमान पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करताच विचारलं, "कशावरून? मुलगी मोठी झाली, मैत्रीण मिळाली, म्हणूनही असेल."

मला वाटलं आता बाई चिडणार. पण त्यांचा चेहरा खुलला. "शाबास, इंजिनिअरसाहेब. हे मला सुचायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या, "मुलं रोज बदलत असतात, म्हणून त्यांच्यावरून कळणार नाही. मी आता बदलायची राहिलेली नाही. माझ्या डोक्याची मला पक्की खात्री आहे. मीच खेळून बघते. माझ्यात काही फरक पडला तर तो गेमचाच."

असं ते सुरू झालं. साठी उलटलेल्या बाई आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या, हेतलने त्यांच्या हातात रिमोट दिला आणि कोणतं बटण कशाचं ते गुजरातीत समजावलं. हेतल त्यांना 'बा' म्हणायची, गुजरातीत आजीला म्हणतात तसं. बाईंचा रणगाडा भिंतीला धडका देत राहिला आणि अखेर त्यांनी स्वतःच्याच किल्ल्यावर गोळी घातली. मुली लोळून हसल्या. बाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "परत." सुटी संपून शाळा सुरू झाली तरी शाळा सुटल्यावरचा त्यांचा तासभर चुकला नाही. किल्ल्यापाशी थांबायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, त्यामुळे मुली पहिल्यांदाच पुढच्या पुढच्या फेऱ्या गाठायला लागल्या.

श्रावण उजाडला आणि वरून करपलेल्या दुधाचा वास यायला लागला. बाईंचं दूध उतू गेलं, हे आमच्या घरात कुणाला खरं वाटेना. त्या स्वतःच खाली येऊन गंभीरपणे सांगायच्या, "आज दूध लावलं आणि विसरले. परिणाम दिसायला लागला." मग किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. मग एक दिवस भाजी घेताना एक मुख्याध्यापक स्कूटरवरून उतरले, नमस्कार केला, आणि बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी शेजारी उभी होते. त्यांना नाव आठवेना. घराच्या दारात आल्यावर त्या म्हणाल्या, "हा गेम फार वाईट आहे गं."

गणेशोत्सवातलं ते व्याख्यान अजून लोकांना आठवतं. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी नेहमीप्रमाणे हातात कागद घेतला नव्हता. त्यांनी थांबण्याविषयी सांगितलं, दुधाविषयी सांगितलं, आणि मग म्हणाल्या की हे मी मुलांवरून सांगत नाही, माझ्या स्वतःवरून सांगते. ज्या डोक्यात चाळीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची नावं होती ते डोकं या खेळाने चार महिन्यांत पोखरलं, मग कोवळ्या मुलांचं काय होत असेल. पुढच्या रांगेतल्या आयांचे चेहरे उतरले. त्या रात्रीनंतर गल्लीतले सगळे गेम दिसेनासे झाले. कुणी विकले, कुणी कपाटात कुलूप लावून ठेवले. आमचा माळ्यावर गेला. बाईंसारखी बाई स्वतःवर पाहून सांगते म्हटल्यावर आणखी काय हवं होतं. रेवाने बाईंशी बोलणं टाकलं. जिन्यात समोरून आल्या तरी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बाई म्हणायच्या, राहू दे, मोठी झाली की कळेल तिला.

दिवाळी झाली, थंडी पडली. ताज्या तुरीच्या शेंगा बाजारात आल्या होत्या. मी ओट्यावर शेंगा सोलत बसले होते आणि बाई जिना उतरून माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनीही शेंगा हातात घेतल्या. मग त्यांनी विचारलं, "गेम माळ्यावर कधी टाकलास?"

गणपती झाल्यावर लगेच, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीही तेव्हापासून हात लावलेला नाही. कारण काढून घेतलं की परिणाम थांबायला हवा. तो थांबला नाही. वाढलाय."

 त्या अगदी वर्गात सांगावं तसं सांगत होत्या. आदल्या दिवशी त्या न्यायमंदिरापाशी रिक्षात बसल्या, रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, आणि त्यांनी पाणीगेट सांगितलं. तिथे उतरून एका गल्लीत शिरल्या, एका घराची कडी वाजवली. आतून अनोळखी माणसं आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे आपलं लहानपणचं घर, इथून आपण फ्रॉक घालायच्या वयातच निघालो. त्या माणसांनीच बिचाऱ्यांनी पाणी देऊन परतीची रिक्षा करून दिली.

"बाई, वय झालं की थोडंफार असं होतंच," मी म्हटलं.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. सवयीने विचारलं असावं, कारण आवाज नेहमीचा नव्हता. मग त्या हळू म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी ती मला ओळखत नव्हती. मला हे माहीत होतं. तरी माझ्या डोक्याची मला पक्की खात्री आहे, असं मी म्हटलं. आणि दोष पोरांच्या खेळावर टाकला."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्यापुढे दुसराच प्रश्न होता. त्या म्हणाल्या, "भरल्या सभेत मी चुकीचं सांगितलंय. ते भरल्या सभेतच दुरुस्त करायला हवं. आणि मी विसरायच्या आत करायला हवं."

मंडळाची पुढची बैठक म्हणजे संक्रांतीनंतरच्या रविवारचा तिळगूळ समारंभ. त्याला अजून बरेच आठवडे होते. मी म्हटलं, बाई, एका कागदावर लिहून ठेवू या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. यजमान म्हणाले की तुमच्या वतीने मी सांगतो. तेही नको. निष्कर्ष ज्याने काढला त्यानेच तो मागे घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी रेवाला हाक मारली. रेवा फुरंगटून दारात येऊन उभी राहिली.

बाई तिला म्हणाल्या, "गेमविषयी मी खोटं सांगितलं. तसं सांगायचं नव्हतं, पण झालं. ते मला सगळ्यांसमोर मान्य करायचंय, आणि माझी आठवण आता भरवशाची राहिलेली नाही. तू रोज सकाळी वर येऊन मला विचारायचं, बाई, मंडळात काय सांगायचंय? मला आलं नाही तर लगेच सांगू नकोस. थांब. फारच नाही आलं तर पहिला शब्द सांग."

नऊ-दहा वर्षांच्या मुलीला यातलं किती कळलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची दोन वेण्यांची तयारी होताच ती लोखंडी जिना चढून वर गेली. मग रोज जाऊ लागली. मी खाली डबा भरताना मला त्यांचे आवाज ऐकू यायचे. रेवाचा प्रश्न. मग बाईंचं उत्तर, कधी सरळ एका दमात. कधी नुसती शांतता. त्या शांततेत मला धीर नसायचा. मी चमचा हातात धरून उभी राहायची आणि मनात म्हणायची, सांग गं तिला, शाळेला उशीर होतोय. वरून बाईंचा आवाज यायचा, "थांब, येतंय मला," आणि रेवा थांबायची. एकदा रिक्षावाला खाली भोंगा वाजवून वाजवून निघून गेला तरी ती खाली आली नाही. आली तेव्हा मी रागवले. ती म्हणाली, "आई, त्यांना येत होतं. मी मध्येच कशी येणार?"

तिळगुळाच्या समारंभात चिटणिसांनी बाईंचं नाव पुकारलं. पतंगांच्या दिवसांतलं स्वच्छ ऊन दारातून सभागृहात आलं होतं. बाई पिवळं पातळ नेसून व्यासपीठावर गेल्या, दोन्ही हात समोर धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गणेशोत्सवात मी तुम्हाला सांगितलं की व्हिडिओ गेमने माझं डोकं बिघडलं. ते चूक होतं. खेळ बंद केला तरी बिघाड वाढतोच आहे. बिघाड माझ्यात आहे, खेळात नाही. खेळ मुलांना काय करतो ते मला माहीत नाही. जे माहीत नव्हतं ते मी माहीत आहे म्हणून सांगितलं, आणि मुलांचा खेळ गेला. त्याबद्दल मी मुलांची क्षमा मागते."

त्या खाली येऊन पहिल्या रांगेत बसल्या.  माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं की बाईंचं काय बिघडलंय, चांगल्या तर बोलतायत, पोरांनी गळ घातली असेल. मग स्वयंसेवकांनी तबकं फिरवायला सुरुवात केली. तिळाचे लाडू हातात आले, गोड बोला झालं, खुर्च्या सरकायला लागल्या.

आणि बाई पुन्हा उठल्या. पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या, तसेच दोन्ही हात समोर धरले आणि म्हणाल्या, "गणेशोत्सवात मी तुम्हाला सांगितलं की व्हिडिओ गेमने माझं डोकं बिघडलं. ते चूक होतं."

चिटणीस घाईने पुढे सरकले होते, ते जागीच थांबले. तबकं थांबली. लाडू हातात तसेच राहिले. ज्यांचं नाव बाईंना आठवलं नव्हतं ते मुख्याध्यापक भिंतीशी उभे होते, त्यांनी हात जोडले. बाई पहिल्यासारखंच, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, सगळं बोलल्या. माझ्या शेजारी रेवाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मुलांची क्षमा मागून झाली आणि बाई लोकांकडे बघत उभ्या राहिल्या, आपलं म्हणणं पोचलं की नाही ते त्यांना कळेना. तेव्हा त्या मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आता कुणालाच काही शंका राहिली नव्हती.  रेवा उठली, व्यासपीठावर गेली आणि बाईंचा हात धरून म्हणाली, "झालं बाई. सगळं सांगून झालं. चला."

त्यानंतर बाई दोन वर्षं आमच्या डोक्यावर राहिल्या, मग त्यांचा भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथे त्या गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. आता रेवाची मुलं फोन हातात घेऊन बसतात आणि ती मला विचारते, आई, यांच्या डोक्याचं काय होईल गं.  मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागले की वरच्या मजल्यावरून प्रश्न येईल असं मला अजून वाटतं. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगू शकते. एक मुलगी दुधापाशी थांबू शकत नव्हती. तीच पुढे दोन वर्षं रोज संध्याकाळी तोच खेळ, तीच बटणं, एका म्हाताऱ्या बाईंना पहिल्यापासून शिकवत होती, आणि कंटाळत नव्हती.

कारण समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी यजमानांनी गेम माळ्यावरून काढला होता. शाळा सुटली की रेवा आणि हेतल बाईंना हात धरून खाली आणायच्या. बाई सतरंजीवर बसायच्या आणि विचारायच्या, "हे काय आहे?" हेतल रिमोट त्यांच्या हातात देऊन सांगायची, "बा, तमे किल्ला पासे रहेजो. आगळ अमे जोई लईशुं." तुम्ही किल्ल्यापाशी राहा, पुढचं आम्ही बघून घेऊ. बाई आता थांबायच्या ऐवजी भलतीकडे निघायच्या, किल्ल्यावर गोळ्या घालायच्या. मुली भांडत नसत. दोघींनी आपसात न बोलता ठरवून टाकलं होतं, एकीने पुढे जायचं आणि एकीने बाईंच्या मागे राहायचं. बाईंना जिंकण्या-हरण्यातलं आता काय कळतंय, असं मी एकदा म्हणून गेले, तर रेवाने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "कशावरून?"

बाई जायच्या आधीचा हिवाळा असेल. त्या संध्याकाळी हेतल आली नव्हती, दोघीच खेळत होत्या आणि मी मागे मटार सोलत बसले होते. एकाएकी रेवाने मान वर केली. बाईंनी खाली येण्याआधी शेगडीवर दूध ठेवलं होतं, ते तिच्या लक्षात आलं. तिने खेळ थांबवला. पडद्यावरचे रणगाडे होते तिथे उभे राहिले. "बाई, इथेच थांबा हं. दूध बघून येते," म्हणून ती जिन्याकडे गेली.

बाईंचं तेव्हा असं झालं होतं की हातातलं अर्धवट टाकून त्या उठायच्या आणि दार उघडं दिसेल तिकडे चालू लागायच्या. मी मटार बाजूला ठेवून तयारीतच बसले. वर रेवाला वेळ लागत होता. शेगडी बारीक असणार आणि ती तपेलीपुढे उभी असणार, हे मला न बघता कळत होतं. बाई हलल्या नाहीत. दोन्ही हातांनी रिमोट धरून, पाठ ताठ करून, त्या थांबलेल्या पडद्याकडे बघत बसून राहिल्या.

जिन्यावर पावलं वाजली आणि रेवा दारात आली. बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "थांबले की नाही मी?"

"थांबलात," रेवा म्हणाली, आणि साखर घातलेल्या मलईची वरून आणलेली वाटी तिने त्यांच्या हातात दिली.